निशेल निकोल्स यांच्याविषयी विज्ञान दिनाला बोलायचे आहे; सुरुवात कुठून करावी?

देवगडची शिक्षिका

नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. 28 फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाला, आमच्या शाळेत दरवर्षी एखाद्या व्यक्तीच्या कार्यावर अर्ध्या तासाचे व्याख्यान होते. सी. व्ही. रामन, होमी भाभा, कल्पना चावला यांच्यावर इतक्या वेळा बोलून झाले आहे की मुलांना पुढचे वाक्य आधीच ठाऊक असते. या वर्षी नववीच्या वर्गासमोर निशेल निकोल्स यांच्याविषयी बोलावे असे मी ठरवले आहे आणि त्यासाठी येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे.

ज्यांना हे नाव परिचयाचे नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकी विज्ञानकथा मालिका 8 सप्टेंबर 1966 रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तीन हंगामांत तिचे 79 भाग दाखवले गेले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती रविवारी सकाळी लागत असे, त्यामुळे पन्नाशीच्या आसपासच्या अनेकांना 'एंटरप्राइज' हे यान, कर्णधार कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक आठवत असतील. त्याच यानाच्या नियंत्रणकक्षात, कर्कच्या मागे, कानाला चंदेरी यंत्र लावून बसलेली कृष्णवर्णीय अधिकारी म्हणजे लेफ्टनंट उहूरा, आणि ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्री निशेल निकोल्स. 30 जुलै 2022 रोजी वयाच्या 89व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

माझ्यापुढे अडचणी आहेत. विज्ञान दिनाला अभिनेत्री कशासाठी, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले आहे. मुख्याध्यापकांनी निर्णय माझ्यावर सोपवला असला तरी त्या प्रश्नाला नीट उत्तर देता आले पाहिजे असे मला वाटते. दुसरे असे की निकोल्स यांच्यावर जे जे वाचायला मिळते ते बहुतेक 1968 सालच्या एका चुंबनदृश्यापासून सुरू होते आणि तेथेच घुटमळत राहते. ते दृश्य मुलींपासून लपवावे असे मी म्हणत नाही, पण एवढ्या मोठ्या आयुष्याची ओळख तेवढीच करून द्यावी हे मनाला पटत नाही. शिवाय 'अमेरिकी दूरचित्रवाणीवरील पहिले आंतरवंशीय चुंबन' हा दावा खरा आहे का, याचीही खात्री हवी आहे.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विषयाची कल्पना द्यावी म्हणून मी वर्गात उहूराचे छायाचित्र दाखवले, तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, ती यानात काम काय करायची?" संदेशवहन अधिकारी होती, असे मी सांगितले. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे फोन उचलायची?" तिचे वडील ट्रॉलरवर तांडेल आहेत आणि मुलगी हुशार आहे, तेव्हा प्रश्न थट्टेचा नव्हता. मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही. या भूमिकेचे मोठेपण नेमके कशात आहे, आणि ते चौदा वर्षांच्या मुलीला कसे सांगावे?

रत्नागिरीचा ग्रंथपाल

ताई, विषय अतिशय योग्य निवडला आहे. आपल्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाचे उत्तर द्यायचे तर उहूरा पडद्यावर येण्यापूर्वी अमेरिकेतील घराघरांत कृष्णवर्णीय स्त्री कोणत्या रूपात दिसत होती, तेथून सुरुवात करावी लागेल. 1950 साली 'ब्यूला' नावाची मालिका सुरू झाली. दूरचित्रवाणीवर कृष्णवर्णीय स्त्री मध्यवर्ती भूमिकेत असलेली ती आरंभीची मालिका, आणि तिची नायिका एका गोऱ्या कुटुंबातील मोलकरीण होती. त्यानंतरही वर्षानुवर्षे स्वयंपाकीण, दाई, कपडे धुणारी बाई यांपलीकडे या अभिनेत्रींना फारसे काही मिळत नव्हते. डायहॅन कॅरल यांची 'ज्युलिया', जिच्यात परिचारिका असलेली कृष्णवर्णीय नायिका होती, ती सप्टेंबर 1968 मध्ये आली, म्हणजे उहूरानंतर दोन वर्षांनी.

कोकणातल्या मुलांना हे समजावणे अवघड जाऊ नये असे मला वाटते. मुंबईच्या जुन्या नाटका-चित्रपटांत रामा गडी कोठला असे आणि तो कोणत्या बोलीत बोलत असे, हे आपल्या आजी-आजोबांना चांगले माहीत आहे. आपल्या भागातील माणसे मुंबईत गिरण्यांत होती, गोदीत होती, कचेऱ्यांत होती, शिक्षक आणि डॉक्टरही होती, तरी पडद्यावर बोली ऐकू आली की प्रेक्षक खांद्यावर टॉवेल घेतलेल्या गड्याची वाट पाहत. अमेरिकेतील गुलामगिरी आणि वर्णभेद यांच्याशी या गोष्टीची बरोबरी होऊ शकत नाही, आणि तसे वर्गात स्पष्ट सांगावे. परंतु आपल्या माणसाला एकाच साच्यात पाहत राहिल्याने काय होते, याची जाणीव मुलांना त्यातून नक्की होईल.

निकोल्स यांचा जन्म 28 डिसेंबर 1932 रोजी शिकागोजवळच्या रॉबिन्स या गावी झाला. ते गाव कृष्णवर्णीयांनी वसवलेले आणि त्यांनीच चालवलेले होते, आणि निकोल्स यांचे वडील तेथील महापौर होते. सत्तेच्या खुर्चीत आपला माणूस बसलेला त्यांनी लहानपणीच पाहिला होता, हे त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांचे शिक्षण नृत्य आणि गायनाचे होते. ड्यूक एलिंग्टन आणि लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदांबरोबर त्या गायल्या. 'स्टार ट्रेक'चे निर्माते जीन रॉडनबेरी यांच्या आधीच्या 'द लेफ्टनंट' या मालिकेतील एका भागात 1964 च्या सुमारास त्यांनी काम केले होते. त्या भागाचा विषय सैन्यातील वर्णद्वेष हा असल्यामुळे वाहिनीने तो त्या वेळी दाखवलाच नाही. म्हणजे उहूराची भूमिका मिळण्यापूर्वीच आपल्याला पडद्याआड ठेवण्याची रीत त्यांनी अनुभवलेली होती.

डॉ. मार्टिन लूथर किंग यांच्या भेटीचा प्रसंग तर सांगायलाच हवा. पहिला हंगाम संपल्यावर निकोल्स यांनी मालिका सोडायचे ठरवले होते, कारण त्यांचा ओढा संगीत रंगभूमीकडे होता आणि तिकडून बोलावणेही आले होते. त्यांनी रॉडनबेरी यांना तसे कळवले; शनिवार-रविवार विचार करा, असे ते म्हणाले. त्याच सुटीत नागरी हक्कांच्या चळवळीतील एका संस्थेच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमात, आपले एक चाहते आपल्याला भेटू इच्छितात, असे त्यांना कोणी तरी येऊन सांगितले. समोर डॉ. किंग उभे होते. आपण आणि पत्नी कोरेटा मुलांना रात्री जागून जी एकमेव मालिका पाहू देतो ती हीच, असे त्यांनी सांगितले, आणि निकोल्स यांनी मालिका सोडत असल्याचे म्हणताच ते गंभीर झाले. तुम्हाला सोडता येणार नाही. आम्ही जसे आहोत तसे जगाला पहिल्यांदा दिसत आहोत. तुमच्या जागी कोणालाही बसवता येईल आणि ते दार बंद होईल, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. हा प्रसंग आपल्याला निकोल्स यांच्याच कथनातून कळतो आणि त्यांनी तो आयुष्यभर अनेक मुलाखतींत सांगितला. सोमवारी त्या परत गेल्या आणि त्यांनी राजीनामा मागे घेतला.

सहकाऱ्यांना एवढेच सांगावे, की डॉ. किंग यांच्यासारख्या नेत्याने मोर्चे, तुरुंगवास आणि धमक्या यांच्या धकाधकीत एका अभिनेत्रीला थांबवून 'ही जागा सोडू नका' असे सांगितले, त्यामागे विचार होता. त्या जागेचे विज्ञानाशी काय नाते जडले, ते पुढे कोणी तरी सविस्तर लिहील अशी आशा आहे.

हर्णैचा दर्यावर्दी

बाई, तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी आम्हाला 'मार्कोनी साहेब' म्हणत. 1 फेब्रुवारी 1999 पासून उपग्रहांवर आधारलेली नवी संकटसंदेश यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि आमचे पद जहाजांवरून हळूहळू नाहीसे झाले, म्हणून आजच्या मुलांना ते काम माहीत नसणे स्वाभाविक आहे.

आमच्या रेडिओच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ असे, आणि त्याच्या तबकडीवर काही पट्टे लाल व काही हिरवे रंगवलेले असत. लाल पट्टे दर तासाच्या 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांवर असत. त्या तीन-तीन मिनिटांत 500 किलोहर्ट्झ या कंपनसंख्येवर कोणत्याही जहाजाने संदेश पाठवायचा नाही, केवळ ऐकायचे, असा जगभराचा नियम होता. कारण दूरवर कोणी बुडत असेल आणि त्याच्या बॅटरीत थोडीच शक्ती उरली असेल, तर त्याची क्षीण हाक बाकीच्या गोंगाटात हरवू नये. हिरवे पट्टे 2182 किलोहर्ट्झवर तोंडी हाकांसाठी असत. कानाला हेडफोन लावून, खरखरीतून मॉर्सची टिकटिक वेगळी काढत, हातात पेन्सिल घेऊन आम्ही ती तीन मिनिटे बसत असू. बाहेर पावसाळ्यातला समुद्र असे, जहाज हेलकावत असे, आणि कान मात्र तिकडेच लागलेला असे. हाक ऐकू आली तर ती कोणाची, कोठून, किती स्पष्ट, हे कप्तानाला काही क्षणांत सांगावे लागे, आणि त्याचा पुढचा निर्णय त्यावरच ठरे.

उहूराला मी प्रथम दूरदर्शनवर पाहिले ते माझ्या व्यवसायाच्या नजरेने. अनोळखी यान समोर आले की कर्क सर्वांत आधी तिच्याकडे वळतो. समोरचा बोलतो आहे का, कोणत्या वाहिनीवर, मदत मागतो आहे की धमकावतो आहे, हे ती सांगेपर्यंत कोणाचेही हात हलत नाहीत. निकोल्स यांनी ते काम करताना एक गोष्ट फार बारकाईने केली आहे: ऐकत असताना त्यांचे डोळे कोणावरही स्थिरावत नाहीत आणि बोटे कानातल्या यंत्राकडे जातात. खरोखर कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा तसाच असतो. आमच्या व्यवसायातल्या मंडळींना ते पाहताक्षणी पटत असे.

मुलींना दाखवण्यासाठी दोन प्रसंग सुचवतो. पहिल्या हंगामातील 'बॅलन्स ऑफ टेरर' या भागात दिशादर्शकाची जागा मोकळी होते तेव्हा उहूरा आपल्या जागेवरून उठून ते काम हाती घेते, आणि कोणालाही त्यात नवल वाटत नाही. दुसरा प्रसंग 1967 सालच्या 'हू मोर्न्स फॉर अडोनेस' या भागातील आहे. खाली ग्रहावर अडकलेल्या कर्णधाराशी संपर्क तुटलेला असतो आणि नवे जोडकाम करून तो पुन्हा मिळवायचा असतो. उहूरा स्वतः यंत्र उघडून, हातात हत्यार घेऊन ते नाजूक काम करत असते. असे काम बऱ्याच वर्षांत केलेले नाही, जरा चुकले तर सगळी जोडणी जळून जाईल, अशी शंका ती बोलून दाखवते. तेव्हा स्पॉक तिला सांगतो की या कामासाठी तुमच्याहून अधिक समर्थ असे दुसरे कोणी माझ्या नजरेसमोर येत नाही. स्पॉक कधी कोणाची खोटी स्तुती करत नाही, हे मालिका पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते.

तुमच्या विद्यार्थिनीला तिच्या वडिलांच्या ट्रॉलरवरील वायरलेसविषयी विचारावे. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आले तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी नौका समुद्रात होत्या आणि बंदराबंदरांत माणसे वायरलेसच्या संचाभोवती दाटीवाटीने उभी होती. त्या वेळी संचावर बसून एकेक नाव पुकारणाऱ्या माणसाला कोणी 'फोन उचलणारा' म्हटले नसते.

मालवणची नाट्यप्रेमी

दर्यावर्दी काकांनी लिहिलेले वाचून अंगावर काटा आला. तरीही माझे म्हणणे थोडे वेगळे आहे, आणि ते शिक्षिकाताईंनी लक्षात घ्यावे असे वाटते.

उहूराला मालिकेच्या लेखकांनी जे दिले ते थोडे होते, हे मुलींपासून लपवू नये. काकांनी सांगितलेले दोन प्रसंग सुंदर आहेत, पण 79 भागांमध्ये तसे प्रसंग मोजकेच आहेत. बहुतेक भागांत 'संपर्काच्या वाहिन्या खुल्या आहेत' अशा आशयाचे एखादे वाक्य तिच्या वाट्याला येते आणि कॅमेरा पुन्हा कर्ककडे वळतो. निकोल्स यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की पटकथेत आपल्यासाठी असलेली वाक्ये चित्रीकरणापर्यंत छाटली जात आणि स्टुडिओत आपल्या नावे येणारी चाहत्यांची पत्रे आपल्यापर्यंत पोहोचवली जात नसत. त्या सोडून जायला निघाल्या होत्या त्यामागे रंगभूमीच्या ओढीइतकीच ही निराशाही होती. पदाच्या क्रमाने पाहिले तर कर्णधाराच्या अनुपस्थितीत यानाची सूत्रे कधी तरी उहूराकडे यायला हवी होती. मूळ मालिकेत ती वेळ आलीच नाही. 1973 साली ॲनिमेशन मालिकेच्या रूपात 'स्टार ट्रेक' पुन्हा आली, तेव्हा 'द लोरेलाय सिग्नल' या भागात पुरुष अधिकारी एका ग्रहावर मोहात सापडतात आणि उहूरा यानाची सूत्रे हाती घेते. तेथे निकोल्स यांचा केवळ आवाज होता.

मी नाटकात काम करणारी आहे, म्हणून या गोष्टीचे वजन मला वेगळे जाणवते. मोठी भूमिका गाजवणे तुलनेने सोपे असते. तीन प्रवेश आणि चार वाक्ये मिळालेली असताना प्रेक्षकांना आपली उपस्थिती विसरू न देणे फार कठीण असते. उहूरा काहीही बोलत नसली तरी दृश्याच्या मागच्या भागात तिचे काम चालूच असते. निकोल्स यांनी ती खुर्ची एका क्षणासाठीही रिकामी वाटू दिली नाही. 'चार्ली एक्स' या भागात विश्रांतीच्या वेळी स्पॉक वाद्य वाजवतो आणि उहूरा त्याच्याभोवती फिरत गाते. तेवढ्या एका प्रसंगात तिला मनही आहे, खोडकरपणाही आहे, हे कळते, आणि असे आणखी प्रसंग लिहिले गेले असते तर काय झाले असते याची हुरहूर लागते.

अभिनेत्री हूपी गोल्डबर्ग यांनी सांगितलेली आठवण अनेकांना ठाऊक असेल. लहानपणी उहूराला पडद्यावर पाहून त्या घरभर ओरडत सुटल्या होत्या, की टीव्हीवर एक कृष्णवर्णीय बाई आहे आणि ती मोलकरीण नाही! पुढे त्या स्वतः 'स्टार ट्रेक'च्या नंतरच्या मालिकेत आल्या. त्या मुलीने उहूराची वाक्ये मोजली नव्हती, हे खरे. पण निकोल्स यांना ती रोज मोजावी लागत होती, आणि तरीही त्या थांबल्या. नववीच्या मुलींना या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. त्या समजण्याइतक्या मोठ्या असतात.

चिपळूणची अभियंता

आधी चुंबनाविषयी, कारण ते लवकर आटोपण्यासारखे आहे. 'प्लेटोज स्टेपचिल्ड्रन' हा भाग 22 नोव्हेंबर 1968 रोजी दाखवला गेला. दुसऱ्याच्या शरीरावर मनाने ताबा मिळवणारे परग्रहवासी कर्क आणि उहूरा यांना चुंबन घ्यायला भाग पाडतात, असा तो प्रसंग आहे. 'पहिले आंतरवंशीय चुंबन' असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. अमेरिकी दूरचित्रवाणीवर भिन्न वंशांच्या व्यक्तींची चुंबने त्याआधीही दिसली होती. पण काळाचा संदर्भ द्यावा. भिन्न वंशांच्या स्त्री-पुरुषांच्या विवाहाला बंदी करणारे राज्यांचे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 1967 मध्ये रद्द केले, त्याला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. दक्षिणेकडील केंद्रे भाग दाखवणार नाहीत या भीतीने चुंबनाविनाही दृश्य चित्रित करावे असा वाहिनीचा आग्रह होता, आणि निकोल्स यांच्या सांगण्यानुसार कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर यांनी त्या वेळी मुद्दाम डोळे तिरळे करून ते चित्रीकरण निरुपयोगी केले. एवढे दोन मिनिटांत सांगून होते. व्याख्यानाचा बाकीचा वेळ 1977 सालासाठी राखून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सत्तरच्या दशकात 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या एका संमेलनात निकोल्स यांनी नासाचे शास्त्रज्ञ येस्को फॉन पुटकामर यांचे भाषण ऐकले आणि त्या अंतराळ कार्यक्रमाकडे ओढल्या गेल्या. त्या काळापर्यंत नासाने निवडलेल्या अंतराळवीरांमध्ये एकही स्त्री नव्हती. आपण कथेत ज्या यानावर बसतो तेथे सर्व वंशांची माणसे आहेत आणि खऱ्या यानावर आपल्यासारखे कोणीच नाही, ही विसंगती त्यांनी जाहीर भाषणांतून नासापुढे मांडली. स्पेस शटलसाठी नव्या अंतराळवीरांची भरती सुरू झाली होती, पण स्त्रियांचे आणि अल्पसंख्याकांचे अर्ज येत नव्हते. इतकी वर्षे दार बंद पाहिलेल्या लोकांना ते आता उघडले आहे यावर विश्वासच बसत नव्हता. नासाने निकोल्स यांची मदत मागितली.

त्यांनी होकार दिला, पण अट घातली. मी तुमच्याकडे पात्र स्त्रिया आणि अल्पसंख्याक उमेदवार इतक्या संख्येने आणीन की 'पात्र कोणी मिळाले नाही' ही सबब तुम्हाला सांगता येणार नाही. त्यानंतरही तुम्ही कोणालाच निवडले नाही तर मी गप्प बसणार नाही, असे त्यांनी स्पष्ट बजावले. 'विमेन इन मोशन' या आपल्या संस्थेमार्फत 1977 च्या पूर्वार्धात त्या देशभर फिरल्या, विद्यापीठांत आणि व्यावसायिकांच्या मेळाव्यांत बोलल्या, दूरचित्रवाणीवर आल्या. नासाच्या निळ्या पोशाखात, जॉन्सन अंतराळ केंद्रात चित्रित झालेली त्यांची प्रचारफीत आजही पाहायला मिळते. ती वर्गात अवश्य दाखवावी, कारण तेथे त्या उहूरा म्हणून नव्हे तर निशेल निकोल्स म्हणून थेट समोरच्या माणसाला सांगतात की हा कार्यक्रम तुमचाही आहे.

अर्जांची एकूण संख्या 8 हजारांच्या पुढे गेली आणि त्यांत दीड हजारांहून अधिक अर्ज स्त्रियांचे होते. 16 जानेवारी 1978 रोजी नासाने 35 जणांची तुकडी जाहीर केली. तीत सॅली राइड, जुडिथ रेझनिक, कॅथरिन सुलिव्हन, ॲना फिशर, शॅनन लुसिड आणि मार्गारेट री सेडन या 6 स्त्रिया होत्या. गायन ब्लुफर्ड, रोनाल्ड मॅकनेर आणि फ्रेडरिक ग्रेगरी हे 3 कृष्णवर्णीय होते. एलिसन ओनिझुका हे आशियाई वंशाचे होते. जून 1983 मध्ये राइड अंतराळात जाणाऱ्या पहिल्या अमेरिकी स्त्री ठरल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ब्लुफर्ड अंतराळात जाणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी ठरले.

येथे मात्र थोडी काळजी घ्यावी. या सर्वांना निकोल्स यांनीच आणले, असे सांगणे अतिशयोक्तीचे ठरेल. राइड यांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातील जाहिरात पाहून अर्ज केला होता. प्रत्येक उमेदवार स्वतःच्या अभ्यासाच्या आणि कामाच्या बळावर निवडला गेला. निकोल्स यांनी जे केले ते असे, की अर्ज करण्यात अर्थ आहे हे त्यांनी हजारो पात्र माणसांना पटवले, आणि उमेदवार नाहीत ही सबब नासाच्या हातून काढून घेतली. अभियांत्रिकीत येणाऱ्या मुलींसाठी या कामाचे मोल किती आहे हे मी रोज पाहते. महाविद्यालयात आमच्या शाखेकडे मुली वळत नसत, त्याला गुण कमी पडणे हे कारण नव्हते. ते मुलांचे क्षेत्र आहे असे घरी आणि शाळेत आधीच ठरून गेलेले असे. कोणी तरी येऊन 'फॉर्म भर' असे म्हणावे लागते, आणि त्या म्हणणाऱ्याच्या शब्दाला वजन असावे लागते. निकोल्स यांच्या शब्दाला ते वजन उहूराच्या खुर्चीने दिले होते. आपल्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाला माझ्या मते हेच उत्तर आहे.

मे जेमिसन यांचाही उल्लेख करावा. शिकागोत वाढलेल्या जेमिसन लहानपणी उहूराला पाहत असत. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि 12 सप्टेंबर 1992 रोजी 'एंडेव्हर' शटलमधून अंतराळात जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. त्या मोहिमेत आपल्या कामाची पाळी त्या उहूराच्या त्याच ठरलेल्या वाक्याने सुरू करत. मालवणच्या ताईंना जे वाक्य अपुरे वाटले, आणि ते अपुरे होतेच, ते असे पृथ्वीच्या कक्षेत उच्चारले गेले.

देवगडची शिक्षिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. आता मला दिशा दिसते आहे. सुरुवात मी उहूराच्या कामापासून करीन आणि दर्यावर्दी काकांनी सांगितलेले लाल-हिरव्या पट्ट्यांचे घड्याळ फळ्यावर काढून दाखवीन. त्या मुलीला वडिलांकडून वायरलेसची माहिती लिहून आणायला सांगितले आहे. त्यानंतर मालवणच्या ताईंनी मांडलेली बाजू, मग डॉ. किंग, आणि उरलेला सगळा वेळ 1977 साठी. चुंबनाचा प्रश्न कोणी विचारला तर वरील माहिती सांगेन.

एकच शंका उरली आहे. रोनाल्ड मॅकनेर आणि जुडिथ रेझनिक यांचा 'चॅलेंजर' या शटलच्या अपघातात मृत्यू झाला, हे वाचताना लक्षात आले. मुलींना पुढे जाण्याची उमेद द्यायची आणि त्याच व्याख्यानात हे सांगायचे, हे योग्य होईल का?

रत्नागिरीचा ग्रंथपाल

ताई, सांगावे असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मुली दर पावसाळ्यात समुद्राची बातमी ऐकत मोठ्या होतात. धोक्याचे काम करणारी माणसे त्यांच्या घरात आहेत. त्यांच्यापासून हे लपवण्याचे कारण नाही. शिवाय कल्पना चावला यांच्याविषयी बोलताना आपण 'कोलंबिया'चा अपघात वगळत नाहीच.

मॅकनेर यांच्याविषयी मात्र मृत्यूच्या आधी त्यांच्या लहानपणाचा एक प्रसंग सांगावा. दक्षिण कॅरोलायनातील लेक सिटी या गावी 1959 साली, नऊ वर्षांचे असताना, ते सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तके घ्यायला गेले. ते ग्रंथालय गोऱ्यांसाठी होते. ग्रंथपाल बाईंनी पुस्तके द्यायला नकार दिला आणि जात नाहीस तर पोलीस बोलावीन असे सांगितले. मुलगा पुस्तके घेऊन टेबलावर चढून बसला आणि हलला नाही. पोलीस आले, त्याची आईही आली, आणि अखेर पुस्तके घेऊनच तो घरी गेला. पुढे त्यांनी एमआयटी या अमेरिकेतील नामांकित तंत्रशिक्षण संस्थेतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, लेझरवर संशोधन केले, आणि 1984 साली अंतराळात गेले. त्यांच्या भावाने सांगितले आहे की घरात 'स्टार ट्रेक' लागे तेव्हा आपण ती कल्पित कथा म्हणून पाहत असू, पण रोनाल्डला तीत उद्या घडू शकणारे विज्ञान दिसत असे. ज्या इमारतीत त्यांना पुस्तके नाकारली गेली तीच आज त्यांच्या नावाचे स्मृतिकेंद्र आहे. ग्रंथपाल म्हणून हा प्रसंग मी आमच्या नव्या कर्मचाऱ्यांना आवर्जून सांगतो.

आणि 28 जानेवारी 1986 ची तारीख सांगताना 'चॅलेंजर'मधील सातही जणांचा उल्लेख करावा, पण त्यांपैकी मॅकनेर, रेझनिक, ओनिझुका आणि मोहिमेचे प्रमुख फ्रान्सिस स्कोबी हे चौघे 1978 च्या त्याच तुकडीतले होते, हे वेगळे सांगावे.